ती खाच बुजवू नका: कन्सोल बनवणाऱ्या तीन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या कंपन्यांत भारताच्या बाजाराचे निर्णय घेणारे सर्व संबंधित

स.न.वि.वि.

मी नाशिकची. वय ४१, नोकरी हिशेबाची, घरात दोन मुलं, आणि कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, गेम खेळते ती मी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुकानात गेले की काउंटरवरचा मुलगा हटकून विचारतो, "मॅडम, मुलगा किती वर्षांचा आहे?" मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला क्रिकेट आवडतं.

पत्र लिहायचं कारण असं की दिवाळीत आमच्या भिशीतला एक जण गळाला. भांडण नाही, पैशांची अडचणही नाही. त्यानं नवं यंत्र घेतलं आणि त्या यंत्राला डिस्क घालायची खाचच नव्हती.

भिशी म्हणजे काय, हे तुमच्या इथल्या कार्यालयातली माणसं तुम्हाला समजावतील. आमची डिस्कची आहे. सात जण, दर महिन्याला प्रत्येकी ७५० रुपये. चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर लागेल त्यानं नवा गेम घ्यायचा आणि पहिले पंधरा दिवस तो त्याच्याकडे. मग डिस्क पुढच्याकडे, तिथून त्याच्या पुढच्याकडे. साडेतीन महिन्यांत सातही जणांचं खेळून झालं की ती एम. जी. रोडवरच्या जुन्या डिस्कवाल्याला विकायची आणि आलेले पैसे पुन्हा भिशीत टाकायचे. ४,९९९ चा गेम सगळ्यांचा खेळून झाल्यावर २,००० ला जातो, म्हणजे डोई साधारण ४३० रुपये पडतात. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे हे आकडे मला झोपेतही सांगता येतील.

सातांत एक सातपूरला फिटर आहे, एक औषध कंपनीचा एमआर, दोघी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी. निफाडचे भाऊ द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत त्यांना डिस्क द्यायचीच नाही असा त्यांचाच नियम आहे, एकदा गेमपायी फवारणी चुकली होती म्हणून. पावसाळ्यात मात्र ते दोन डिस्का एकदम मागतात. त्यांच्याकडून आलेली डिस्क मी आधी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघते. कडेला अंगठ्याचा ठसा असतोच, कधी बारीक मातीही असते. चष्म्याचं फडकं घेऊन मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल फिरवायचं नाही. हे मला त्यांनीच शिकवलं.

आता गळालेल्या गड्याची गोष्ट. दुकानदारानं त्याला सांगितलं, "डिस्क आता कोण घेतं? बिनडिस्कचं घ्या, दहा हजार वाचतील." यंत्र कुणाचं आणि दुकान कुठलं हे मी लिहीत नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचा आहे तो हिशेब. भिशीत ४३० ला पडणारा गेम त्याला आता एकट्याला ४,९९९ ला पडतो. वाचवलेले दहा हजार तिसऱ्या गेमला संपले. त्यानंतर प्रत्येक नवा गेम म्हणजे खिशाला चाट. तुम्ही म्हणाल, आमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागतात. लागतात, मान्य, आणि वर्ष-दीड वर्ष थांबलं तर चांगले लागतात. पण सेल कधी लावायचा आणि किती सूट द्यायची हे ठरवणारं दुकान त्याच्यापुढे एकच आहे. शेजारच्या दुकानात भाव विचारून यायची सोय नाही.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. तुमच्यात स्पर्धा आहे असं सगळे म्हणतात, आणि यंत्र विकत घेण्याच्या क्षणापर्यंत ती असतेही. कुणाचं चित्र चांगलं, कुणाची वर्गणी स्वस्त, कुणाकडे कुठला गेम. पैसे भरून घरी आलं की स्पर्धा संपली. त्या यंत्रावर दुकान एकच, मालक एकच, भाव तोच ठरवणार आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटाही तोच घेणार. कन्सोलवर दुसरं दुकान म्हणून उरते ती फक्त डिस्क. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा विक्रेता, पुण्यातल्या तपकीर गल्लीतला जुना माल घेणारा, आमचा एम. जी. रोडवाला आणि आमची भिशी हे सगळे त्या चार-पाच इंचांच्या खाचेतूनच तुमच्या यंत्रात शिरतात. ती बुजवलीत की आम्ही सगळे बाहेर.

पीसी घ्या, असा सल्ला मला नेहमी मिळतो. तिथे डिस्क केव्हाच गेली, हे खरं. पण तिथे एकाच यंत्रावर स्टीम आहे, एपिक आहे, जीओजी आहे, म्हणजे गेमची तीन वेगवेगळी ऑनलाइन दुकानं. एपिक २०१८ पासून फुकट गेम वाटतंय ते काही दानधर्म म्हणून नाही, समोर स्टीम उभं आहे म्हणून. जीओजीवरून घेतलेला गेम स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. तिथे डिस्क गेली तरी दुकानं राहिली, तुमच्याकडे डिस्क गेली तर काहीच राहत नाही. आणि पीसीचं म्हणाल तर रॅमचे, म्हणजे मेमरीचे, भाव एआयच्या डेटासेंटरांनी कुठे नेऊन ठेवलेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

स्पर्धा असली की काय होतं, हे तुम्हीच एकदा दाखवलं आहे. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला. त्याचे नियम असे: दर २४ तासांनी यंत्रानं इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि जुनी डिस्क दुसऱ्याला देण्याघेण्यावर बंधनं. १० जूनला सोनीनं मंचावरून सांगितलं की आमच्या पीएस४ वर, म्हणजे प्लेस्टेशन ४ वर, असलं काही नाही, आणि यंत्र १०० डॉलरनं स्वस्तही आहे. सोबत एक छोटा व्हिडिओ टाकला, गेम दुसऱ्याला कसा द्यायचा ते शिकवणारा. एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा थँक यू म्हणतो, संपलं. सगळी दुनिया हसली. नऊ दिवसांत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टनं दोन्ही नियम मागे घेतले. तो व्हिडिओ मी अजून अधूनमधून बघते. सोनीच्या मंडळींनीही एकदा बघावा. त्याच सोनीनं २०२० मध्ये बिनडिस्कचा पीएस५ आणला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०० डॉलरचा पीएस५ प्रो आणला तोही डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हविना. ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्या, आणि तो जोडताना एकदा इंटरनेटवर नोंदवून घ्या. (प्रो तेव्हा भारतात आलाच नाही, ६ गिगाहर्ट्झ वाय-फायला इथे परवानगी नव्हती म्हणून. त्यामुळे त्याचं दुःख आम्हाला परस्परच माफ झालं.)

तक्रारी आणखी आहेत. काही मोठ्या, काही बारीक.

भाव. पूर्वी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं. पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळत होता. आमच्यासारखी माणसं त्या उतारावर उभी राहून वाट बघायची आणि तीन-चार वर्षांनी घ्यायची. आता उताराचा चढ झालाय. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० झाला. एक्सबॉक्स सिरीज एक्स अमेरिकेत ४९९ डॉलरचा होता, २०२५ मध्ये दोनदा वाढून ६४९ वर गेला. मायक्रोसॉफ्टची गेम पास अल्टिमेट ही वर्गणी इथे ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ रुपयांवरून एकदम महिन्याला १,३८९ झाली. कराचं कारण पुढे करणार असाल तर जीएसटी परिषदेनं डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ गेम कन्सोल २८ टक्क्यांतून १८ टक्क्यांत आणले, तेही लक्षात असू द्या. महागाई, चिप, डॉलर हे सगळं मला कळतं, हिशेबच माझं काम आहे. पण यंत्र महाग, वर्गणी महाग आणि वर डिस्कही काढून घेतलीत तर काटकसरीला जागाच कुठे उरते?

रिकामी डबी. निन्टेंडोनं ५ जून २०२५ ला स्विच २ हा कन्सोल आणला, त्यासोबत गेम-की कार्ड आलं. कार्ड दिसायला नेहमीसारखंच, पण आत गेम नाही, फक्त किल्ली. कार्ड घालायचं आणि सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. कार्ड पुढे विकता येतं, हे कबूल करते. पण ज्या दिवशी सर्व्हर बंद होईल त्या दिवशी ती किल्ली कुठल्या दाराची? शिवाय भाऊंच्या वस्तीवर नेट जिथे मोबाइलच्या दोन काड्यांवर चालतं, तिथे ५०-६० जीबी उतरवायचे म्हणजे एक छाटणी निघून जाईल. ही खोड फक्त निन्टेंडोची नाही. बाकीच्यांच्या डिस्कमध्येही कधी अर्धाच गेम असतो, आणि डबीवर ते मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

बंद होणारी दुकानं. निन्टेंडोनं थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेलं उतरवता येतं म्हणतात, पण किती वर्षं, ते कुणी लिहून देत नाही. सोनीनं मार्च २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटाचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं, लोकांनी ओरड केल्यावर एप्रिलमध्ये मागे घेतलं. म्हणजे ओरड केली तर ऐकू येतं. यूबीसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गेम तर ३१ मार्च २०२४ नंतर, सर्व्हर बंद केल्यावर, पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यातून, विकलेले गेम असे बंद करू नका म्हणून, युरोपात जी मोहीम उभी राहिली तिला २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या मिळाल्या.

निन्टेंडोसाठी एक वेगळं. तुमचा पहिला स्विच मार्च २०१७ चा. जगात पंधरा कोटींवर विकला गेला, आणि भारतात तुम्ही तो अधिकृतपणे विकलाच नाही. स्विच २ चंही तेच. तरी इथे पोरांच्या हातात तो दिसतो, कारण कुणाचा मामा दुबईहून आणतो, कुणी ग्रे मार्केटमधून घेतो. बिल नाही, वॉरंटी नाही, बिघडला तर देव आहे. तुम्हाला भारत नको असेल तर तसं एकदा स्पष्ट सांगा, आम्ही वाईट वाटून घेऊ आणि पुढे जाऊ. आठ-नऊ वर्षं दारात उभं करून ठेवणं बरं नाही.

आणि दुरुस्ती. माझ्या कंट्रोलरची डावी दांडी वाहायला लागली. म्हणजे मी हात लावला नाही तरी पडद्यावरचा गडी आपला कड्याच्या दिशेनं चालत सुटतो. अधिकृत केंद्रात गेले तर उत्तर आलं, "हा पार्ट येत नाही मॅडम, नवीन घ्या." नवीन म्हणजे पाच-सहा हजार. शेवटी एका गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं चौदा टाके उकलून नवी दांडी झाळली. ६०० रुपये घेतले आणि वर चहा पाजला. त्यानं जुना भाग उघडून दाखवला: आत कार्बनची बारीकशी पट्टी, तिच्यावर पातं घासून घासून चर पडलेला. म्हणाला, "ताई, ही झिजणारच. चुंबकवाली असती तर झिजली नसती." घरी येऊन वाचलं तर सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये चुंबकवालीच होती. डिस्क ड्राइव्हचंही तसंच, पीएस५ च्या आतल्या ड्राइव्हचा बोर्ड त्याच्या मदरबोर्डशीच बांधलेला, दुसऱ्या यंत्रातला काढून लावला तर डिस्क वाचत नाही. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. तिथे तुमच्या सुट्या भागांची यादी आणि किंमत दिसली तर माझ्यासारखीला गल्ल्या शोधत फिरावं लागणार नाही.

तुमची बाजूही मला माहीत आहे. जुनी डिस्क सातव्या हाताला गेली तर गेम बनवणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे मिळत नाहीत. खरं आहे. पण आम्ही सात जणांनी ४,९९९ प्रमाणे सात गेम घेतले असते असं समजू नका, एकानं घेतला असता, किंवा कुणीच नाही. आमची पिढी कुठून आली तेही बघा. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटचा, '९९९९ इन वन' लिहिलेला आणि आत वीसच गेम असलेला. चालला नाही की कॅसेट काढून फुंकायची. सुट्टीत गल्लीभर कॅसेटी फिरायच्या, मारिओ देऊन काँट्रा आणायचा. पुढे कॉलेजात शंभर रुपयांना कॉपी केलेल्या सीडी घेतल्या, खोटं कशाला बोलू. त्या सगळ्यातून बाहेर येऊन आज आम्ही बिल घेऊन अस्सल डिस्क विकत घेतो, ते परवडण्याची वाट सापडली म्हणून. ती वाट म्हणजे देवाणघेवाण. भिशीत एखादा गेम खेळून त्याचा पुढचा भाग स्वतःसाठी नवा कोरा घेतलेल्या नोंदीही वहीत आहेत, चार.

आता मागण्या.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: तुमच्या पुढच्या यंत्रांना डिस्क किंवा कार्डाची सोय ठेवा. आतमध्ये नको तर बाहेरून जोडायचा ड्राइव्ह द्या, पण तो यंत्र बाजारात येईल त्याच दिवशी भारतातल्या दुकानात असला पाहिजे, आणि जोडायला इंटरनेटची परवानगी लागता कामा नये.

दुसरी: डबीत पूर्ण गेम नसेल तर ते समोरच्या बाजूला, किमतीएवढ्या मोठ्या अक्षरात लिहा. ऑनलाइन दुकानातही तेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, फक्त परवाना विकत असाल तर तसं सांगितल्याशिवाय 'बाय' हे बटण दाखवता येत नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला जे सांगता ते आम्हालाही सांगा.

तिसरी: डिजिटल गेम उसना देता येऊ द्या. तंत्र नाही असं म्हणू नका, निन्टेंडोनं २०२५ मध्येच व्हर्च्युअल गेम कार्ड आणलं, त्यात डिजिटल गेम कुटुंबगटातल्या माणसाला दोन आठवडे देता येतो. दोन आठवडे! आमच्या भिशीचे पंधरा दिवस आणि तुमचे चौदा, एका दिवसाचा काय तो फरक. कुटुंबाची व्याख्या थोडी सैल करा, आमच्याकडे निफाडचे भाऊ कुटुंबातच येतात. आणि डिजिटल गेमचे कोड सर्व दुकानदारांना विकू द्या. सोनीनं अमेरिकेत २०१९ मध्ये पूर्ण गेमचे कोड दुकानांतून काढून घेतले, ते पाऊल इथे नको.

चौथी: घेतलेला गेम किमान किती वर्षं उतरवता येईल, ते बिलावर छापा. ऑनलाइन गेम बंद करणार असाल तर बंद करण्याआधी एकट्यानं खेळता येईल असा शेवटचा अपडेट द्या.

पाचवी, सुटे भाग. कंट्रोलरची दांडी, बॅटरी, ड्राइव्ह. किंमत जाहीर, मिळण्याची जागा जाहीर. बाकी आम्ही आणि गल्लीतला तो झाळणारा बघून घेऊ.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, एमआर वाचून दाखवेल. फक्त 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

कळावे,
डिस्क भिशीची वही सांभाळणारी,
नाशिक

ता.क. गळालेल्याची जागा रिकामी आहे. ७५० रुपये महिना, यंत्र खाचेचं असावं. निफाडला डिस्क पोचवायची पाळी सगळ्यांवर येते, आणि भाऊ रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, हंगामात तर नाहीच.